परत जायचं कसं: मेरी एलन मार्ककडून शिकलेलं माणसांचे फोटो काढणं

आमचा स्टुडिओ सांगलीत आहे. वडिलांनी काढला, आता मी चालवते. पासपोर्ट, आधार, बारसं, साखरपुडा, आणि सीझनला लग्नं. दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी माणसांना ‘हनुवटी जरा खाली, खांदे सैल’ असं सांगण्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे पुढे जे आहे ते समीक्षण नव्हे, कामाचं टिपण समजा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच मुलंमुली शिकायला येतात. कॅमेरा त्यांचा माझ्यापेक्षा भारी असतो. प्रश्न मात्र दरवर्षी तोच: ‘ताई, बाजारातल्या माणसांचे फोटो काढायचेत, पण जवळ जायची भीती वाटते. लांबची लेन्स घेऊ का?’ मी म्हणते, लेन्स राहू दे, आधी मेरी एलन मार्क या अमेरिकन फोटोग्राफर बाईची गोष्ट ऐक. गोष्ट ऐकवते आणि मग कामाला लावते. दोन्हींत मिळून सांगायचं एवढंच असतं की माणसाचा फोटो पहिल्या फेरीत हाती लागत नाही, परत जावं लागतं. आणि परत जायचीही एक पद्धत असते.

आधी हत्ती

मार्कचं नाव मला कळलं ते एका हत्तीमुळे. पुण्यात शिकत होते तेव्हा लायब्ररीतल्या जाड पुस्तकात एक चौकोनी, कृष्णधवल फोटो दिसला. भरजरी कोट घातलेला मिशाळ माणूस, आणि त्याच्या गळ्याभोवती हत्तीची सोंड, मफलर गुंडाळावा तशी. खाली ओळ: राम प्रकाश सिंग आणि त्याचा हत्ती श्यामा, ग्रेट गोल्डन सर्कस, अहमदाबाद, 1990.

मी त्या पानावर अडकले, कारण सर्कस हा आमच्या घरचाच विषय. भारतीय सर्कशीची सुरुवात करणारे विष्णुपंत छत्रे आमच्याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. म्हैसाळच्या देवलांची सर्कस आजीनं लहानपणी पाहिलेली आणि तिच्या सांगण्यात दरवेळी वाघ एकानं वाढायचा. म्हणजे सर्कशीचे फोटो मला नवे नव्हते. पण ते सगळे खेळ चालू असतानाचे, लांबून, गॅलरीतून काढलेले. मार्क 1989 आणि 1990 मध्ये देशभरातल्या अठरा सर्कशींत फिरली आणि तिनं तंबूच्या मागचं जग टिपलं. उपलेट्याच्या राजकमल सर्कशीतली अंग वळवणारी मुलगी आणि तिचं स्वीटी नावाचं कुत्र्याचं पिल्लू, असा एक फोटो आहे. प्रेक्षकांना कसरत दिसली असेल, मार्कला पिल्लू दिसलं. ते दिसायला माणसानं तंबूमागे किती वेळ बसायला हवं, याचा हिशेब करून पाहा.

चरित्र थोडक्यात सांगते, कारण ते इंटरनेटवर कुठेही मिळेल. जन्म 1940, फिलाडेल्फियाचा. नऊ वर्षांची असताना हातात बॉक्स ब्राउनी कॅमेरा आला. पेनसिल्वेनिया विद्यापीठात आधी चित्रकला आणि कलेचा इतिहास, मग 1964 मध्ये फोटोजर्नालिझमची पदव्युत्तर पदवी. 1965 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तुर्कस्तान. नंतर न्यूयॉर्क, ‘लाइफ’सारख्या मासिकांची कामं, काही वर्षं फोटोग्राफरांच्या मॅग्नम या संस्थेत. डिजिटलच्या जमान्यातही ती फिल्म सोडून हलली नाही. 25 मे 2015 रोजी गेली, तेव्हा 75 वर्षांची होती.

पोटापाण्यासाठी ती सिनेमाच्या सेटवर स्टिल फोटो काढायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘लग्नाची कामं करून कला कशी करणार’ असं रडगाणं दरवर्षी एक तरी विद्यार्थी गातो. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या सेटवर तिनं नट मार्लन ब्रँडोचा फोटो काढला, त्याच्या तुळतुळीत डोक्यावर भुंगा बसलेला आहे. आणि ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’चं शूटिंग ऑरेगन राज्यातल्या सेलमच्या खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात चाललं होतं, तिथे तिला बायकांच्या कुलूपबंद वॉर्डाचा पत्ता लागला, वॉर्ड 81. सिनेमा संपला, युनिट पांगलं. ही मात्र परवानगी मिळवून फेब्रुवारी 1976 मध्ये कॅरन फोल्जर जेकब्स या लेखिकेला घेऊन परत गेली आणि दोघी 36 दिवस तिथेच राहिल्या. त्यातला बाथटबमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या लॉरीचा फोटो बघा. आंघोळ करणाऱ्या बाईसमोर कॅमेरा घेऊन उभं राहायला तिनं तुम्हाला किती दिवस ओळखायला हवं?

तेव्हा लग्नाच्या ऑर्डरवर गेलात की नवरा-नवरीचे फोटो तर काढाच, पण आचारी, बँडवाले, मांडववाले यांच्याशी चार शब्द बोला. पुढच्या वर्षाचं काम तिथूनच निघतं.

जागा कुठली घ्यायची

लडाख नको, वाराणसी नको, वारीसुद्धा पहिल्या वर्षी नको. वारीत माणूस आज दिसतो आणि उद्या पुढच्या मुक्कामाला जातो, त्याच्याकडे परत जायचं म्हणजे त्याच्यासोबत चालायलाच हवं. आधी अशी जागा घ्या जिथे सायकलनं जाता येईल आणि तीच माणसं आठवड्यातून निदान दोनदा सापडतील. रिक्षा स्टँड, गिरणी, कुस्तीचा आखाडा, एसटीचं वर्कशॉप, मासळी बाजार. डायलिसिसची रांग मात्र नको (का, ते पुढे). मी निवडलं सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे, पोती उचलणारे हमाल, हळद निवडणाऱ्या बायका. स्टुडिओपासून दहा मिनिटं.

जागेचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली आजपासून एक वर्षानंतरची तारीख. एक वर्ष तरी द्यायचं, मग बदलायचं असेल तर बदला.

पहिला दिवस वाया जाणार, जाऊ द्या

माझा कसा गेला ते सांगते. फेब्रुवारी होता, नवी हळद आलेली. मी मोठी झूम लेन्स लावून एका टेम्पोच्या आडोशाला उभी राहिले आणि पोतं पाठीवर घेतलेल्या एकाचा फोटो ओढला. त्यानं पोतं टाकलं आणि ओरडला, ‘ओ बाई, काय काढायलाय? पेपरात द्यायचं हाय काय?’ चारचौघं जमली. एक तरुण रिकामी गोणी घेऊन माझ्या बाजूला आला आणि शांतपणे झटकली. डोळे, केस, लेन्स, सगळं पिवळं. मागे हशा. मी घरी आले आणि कॅमेरा महिनाभर बाहेर काढला नाही. लेन्सच्या रिंगमधली हळद अजून पुरती निघालेली नाही.

मार्कच्या फॉकलंड रोडची हकिकत मी आधी वाचली होती, पण अर्थ लागला तो त्या महिन्यात. मुंबईतल्या त्या वेश्यावस्तीत ती पहिल्यांदा गेली 1968 मध्ये. बायकांनी कचरा फेकला, पाणी फेकलं, शिव्या दिल्या, पुरुषांची गर्दी जमली, एका दारुड्यानं तोंडावर मारलंसुद्धा. पुढची दहा वर्षं ती भारतात आली की तिथे जायची आणि तेच व्हायचं. म्हणण्यासारखा एक फोटो हाती नाही. ऑक्टोबर 1978 मध्ये ती पुन्हा आली, ती हे काम पुरं करायचंच ठरवून. युक्ती म्हणाल तर काही नव्हती. रोज जायचं, रस्त्यावर इकडून तिकडे येरझाऱ्या घालायच्या. गार पाण्यात उडी मारण्याआधी जीव घट्ट करावा तसं रोज सकाळी करावं लागायचं, असं तिनं लिहून ठेवलंय. काही दिवसांनी बायकांनाच कुतूहल वाटू लागलं, ही बया जात का नाही म्हणून. एकीनं बोलावलं, मग दुसरीनं. मग कोठा चालवणाऱ्या एका घरवालीशी मैत्री झाली आणि आतली दारं उघडली. जानेवारीपर्यंत ती तिथेच काम करत होती.

यातून मी माझ्यासाठी जे नियम काढले ते असे. गर्दीची वेळ टाळायची. यार्डात सौदे चालू असताना कुणाला तुमच्याकडे बघायला सवड नसते, आणि बघितलं तर रागानंच. दुपारी दोननंतर पोती थपीला लागलेली असतात, माणसं भाकरी खाऊन तंबाखू मळत बसलेली असतात. ती वेळ आपली. दुसरं, रोज एकाच ठिकाणी बसायचं. मी चहाच्या गाड्याशेजारची उलटी ठेवलेली बादली धरली. आठ दिवस तिथे बसून नुसता चहा प्याले.

कॅमेरा घेऊन जायचं की नाही, यावर आमच्या ग्रुपमध्ये वाद होतो. पुष्कळजण सांगतात, आधी मोकळ्या हातानं जा, मैत्री कर, मग कॅमेरा ने. मला हे अजिबात पटत नाही. ज्या दिवशी कॅमेरा निघेल त्या दिवशी समोरच्याला वाटणार, म्हणजे एवढा चहा याच्यासाठी पाजला होय. पहिल्या दिवसापासून कॅमेरा गळ्यात, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. फक्त डोळ्याला लावायचा नाही. नवव्या दिवशी गोणी झटकणारा तोच पोरगा समोर येऊन उभा राहिला. ‘आज बी न्हाई काढायचं?’

तोच माझा पहिला फोटो.

विचारायचं कसं

‘एक फोटो काढू का?’ हा वाईट प्रश्न आहे. त्याला हो म्हणून समोरच्याला काय मिळणार ते त्यात नाही, तुम्ही कोण ते नाही. मी तीन वाक्यं बोलते. ‘मी अमक्या स्टुडिओतली. तुमचं काम बघायला आठवडाभर येतेय. तुमचा फोटो काढायचाय, छापून आणून देईन.’ वयानं मोठ्या माणसाला मामा, बाईला मावशी नाहीतर वहिनी, बरोबरीच्याला दादा. ‘अंकल’ म्हणाल तर तिथेच काम संपलं.

नाही म्हणाला तर कारण विचारू नका. ‘बरं’ म्हणा आणि तिथेच बसून राहा, लगेच उठू नका. लगेच उठलात तर तुम्ही फक्त फोटोसाठी आला होतात हे सिद्ध होतं. आणि विचारल्यावर माणूस पळालाच, तर तो ‘नाही’ कायमचा असतो असंही नाही. सिॲटलमध्ये 1983 साली ‘लाइफ’साठी मार्क रस्त्यावर राहणाऱ्या पोरांवर काम करत होती. एका क्लबच्या बाहेर टॅक्सीतून दोन नटलेल्या मुली उतरल्या. ही जवळ गेली तर त्या ओरडत पळाल्या, त्यांना वाटलं पोलीस आले. त्यातली एक एरिन ब्लॅकवेल, तेरा वर्षांची, सगळे तिला टायनी म्हणायचे. मार्कनं तिचं घर शोधून काढलं आणि तिला भेटली. पुढे जी ओळख जुळली ती मार्कच्या मरणापर्यंत, म्हणजे तीसहून जास्त वर्षं टिकली. टायनीची दहा मुलं, संसार, व्यसन, सगळं त्या फोटोंमध्ये आहे. मार्कचा नवरा मार्टिन बेल यानं आधी त्या पोरांवर माहितीपट केला, ‘स्ट्रीटवाइज’, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि मार्क गेल्यावर टायनीवरचा दुसरा माहितीपट आला.

टायनीचा सगळ्यांत गाजलेला फोटो हॅलोवीनच्या सोंगातला आहे. काळा पोशाख, हातमोजे, तोंडावर जाळीचा पडदा, हात छातीशी घडी घातलेले. फ्रेंच वेश्येचं सोंग घेतलं होतं तिनं. तेरा वर्षांची मुलगी, जी खरोखर त्या धंद्यात ओढली गेलेली, ती सणाच्या दिवशी त्याचंच सोंग घेते. हे फोटोग्राफरला सुचणारं नव्हे. पोशाख तिचा, हातांची घडी तिची. म्हणून मी शिकवताना सांगते, समोरच्याला काही हातात देऊ नका, काही घालायला लावू नका. ‘तुम्हाला कसं उभं राहायचंय?’ एवढंच विचारा. यार्डातल्या एका मामांनी माझ्यासाठी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, आणि पोतं ओढायचा हूक खांद्यावर असा ठेवला, जसा पोलीसपाटलाच्या हातात दंडुका. मला असलं सुचलं असतं का?

जवळ उभं राहा

आता थोडं तंत्र. रुंद लेन्स लावा, 35 किंवा 28 मिमी. मोबाइल असेल तर 1एक्स, झूम नाही. पोर्ट्रेट मोड बंद. मागचं सगळं पुसट करून टाकणारा तो मोड म्हणजे स्टुडिओतल्या आमच्या निळ्या पडद्याचाच भाऊ, आणि पडदा हवा असेल तर माझ्याकडे या, साठ रुपयांत आठ प्रती देते. मार्कच्या फोटोत मागची जागा बोलते. लॉस एंजलिसमध्ये 1987 साली तिनं डॅम कुटुंबाचा फोटो काढला, पुढच्या सीटवर आई-बाप, मागे दोन लेकरं. त्यांना घर नव्हतं, गाडीतच राहायचे. तो फोटो मागचं पुसट करून बघा मनातल्या मनात. चार दमलेली माणसं उरतील आणि बेघरपण नाहीसं होईल.

रुंद लेन्स लावली की जवळ जावंच लागतं, दोन-तीन हातांवर. म्हणून तर ती लावायची. तिथे उभं राहायची हिंमत नसेल तर अजून फोटोची वेळ झाली नाही असं समजायचं, चहा प्यायचा आणि उद्या यायचं.

बटण दाबायच्या आधी फ्रेमच्या चारी कडांवरून नजर फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. वरच्या कोपऱ्यात कुणाचं अर्धं डोकं आलंय, पायाची बोटं कापली जातायत, डोक्यातून खांब उगवलाय. नवशिक्याचं सगळं लक्ष चेहऱ्यावर असतं, आणि चेहरा तर कुणालाही मिळतो. पत्र्याच्या शेडमध्ये उजेड कमी, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 1600 पर्यंत नेला तरी चालतो, थोडे दाणे दिसले म्हणून बिघडत नाही. शटर 125 च्या (म्हणजे सेकंदाच्या 125 व्या भागाच्या) खाली, त्याहून हळू, नको, पोतं उचलताना हात हलतो.

‘हसा’ म्हणू नका. पासपोर्ट ऑफिसच्या नियमांतला हा एक नियम मला मनापासून आवडतो.

एक सराव सांगते, तो मार्कच्या मोठ्या पोलरॉइड कॅमेऱ्यावरून काढलाय. त्या कॅमेऱ्यातून 20 बाय 24 इंचांचा फोटो थेट छापून निघतो. शंभर किलोंहून जड धूड, जगात मोजकेच बनलेले. तो घेऊन तिनं ओहायो राज्यातल्या ट्विन्सबर्गच्या जुळ्यांच्या मेळ्यात 2001 आणि 2002 मध्ये जोड्यांचे फोटो काढले, आणि नंतर अमेरिकेतल्या शाळांच्या प्रॉम नावाच्या नाचाला नटून आलेल्या मुलामुलींचे. एकेक कागद इतका महाग की मनात येईल तेव्हा बटण दाबायची सोयच नाही. आपल्या मोबाइलला हे बंधन नाही, म्हणून ते आपणच घालायचं: एका फेरीत बारा फोटो, तेरावा नाही. पहिल्या आठवड्यात मुलं बारा फोटो दहा मिनिटांत उडवतात आणि उरलेली दुपार हात चोळत बसतात. तिसऱ्या आठवड्यात सहा उरलेले असतात.

हळद काळीपांढरी करायची का

मार्कचं बहुतेक काम कृष्णधवल, पण फॉकलंड रोड तिनं रंगीत केला. निळ्या-हिरव्या भिंती, फुलाफुलांचे पडदे, झगमगीत साड्या. त्या खोल्यांतून रंग काढून टाकला असता तर नुसती दया उरली असती. रंगांमुळे तिथे राहणाऱ्या बायकांनी आपली खोली आपल्या हातानं सजवलेली आहे हे दिसतं.

मी यार्डाचे पहिले वीस फोटो काळेपांढरे केले, कारण ‘भारी’ दिसतात. स्टुडिओतला पोरगा बघून म्हणाला, ‘ताई, हे सिमेंटच्या गोडाऊनातले होय?’ बरोबर होतं त्याचं. हळदीची धूळ काळ्यापांढऱ्यात पिठासारखी, सिमेंटसारखी दिसते. भुवया, कानाच्या पाळ्या, बंडीच्या शिवणी पिवळ्या दिसल्याशिवाय तो माणूस सांगलीच्या यार्डातला हमाल होत नाही. तेव्हापासून एकच कसोटी: रंग काढल्यावर माणूस कुठला आहे हे कळेनासं होत असेल तर रंग ठेवायचा.

काढल्यानंतर

फोटो त्याच रात्री निवडू नका. पंधरा दिवस थांबा. त्या रात्री तुम्हाला फोटो दिसत नाही, तुमची मेहनत दिसते.

मग कॉन्टॅक्ट शीट करा. फिल्मच्या काळी 36 निगेटिव्हच्या पट्ट्या एका कागदावर ठेवून छापायचो, तशी आता ए-फोर कागदावर छोटे छोटे छापून काढा. स्क्रीनवर नको. स्क्रीनवर एकेक फोटो सुटा दिसतो, कागदावर तुमची चालत जायची वाट दिसते: पहिला लांबून, दुसरा थोडा जवळून, तिसऱ्यात मामा हसून दुसरीकडे बघतायत, सातव्यात एकदम शांत. लाल पेन्सिलनं खूण करा. बारांतून एक. काही वेळा एकही नाही, तेही लिहून ठेवा.

प्रत्येक निवडलेल्या फोटोमागे तीन गोष्टी लिहा: नाव, जागा, साल. मार्कच्या फोटोंची नावं अशीच असतात, कवितेसारखी शीर्षकं नसतात. ‘श्रमाचं सौंदर्य’, ‘उदास डोळे’ असली नावं द्यायचा मोह होईल, तेव्हा समजा की तुम्हाला त्या माणसाचं नाव माहीत नाही. परत जा आणि विचारून या.

कुठे थांबायचं

इथे मला मार्कशी भांडायचंय.

फॉकलंड रोडचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग. लावण्या लिहिणारा शाहीर, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यातला. त्या रस्त्यावरच्या बायकांचं पुस्तक 1981 मध्ये न्यूयॉर्कला छापलं गेलं. त्यातले काही फोटो मला थोर वाटतात. पण त्यात अगदी कोवळ्या मुलीही आहेत, चेहऱ्यासकट, आणि ते मला गिळवत नाही. दार उघडून आत घेणारी घरवाली होती, त्या मुलीची संमती कुणी घेतली आणि तिला ती देता तरी आली असती का? मार्कनं तिथे खोटेपणा केला असं मी म्हणत नाही. पण मी तो फोटो काढला नसता, आणि माझ्या विद्यार्थ्यानं काढला तर छापू देणार नाही. शिवाय आज आपल्याकडे कायदाही आहे. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे संकटात सापडलेल्या किंवा गुन्ह्याशी संबंध आलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापणं हा गुन्हा आहे, आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हाही.

डायलिसिसच्या रांगेला मघाशी नको म्हटलं ते याचसाठी. ज्याला तिथून उठून जाता येत नाही, त्याचा ‘हो’ मी धरत नाही.

दुसरी गोष्ट, फोटोनं माणसाचं भलं होईल असं त्याला कधी सांगू नका. नॉर्थ कॅरोलिनातल्या वाल्डीझ गावात 1990 साली मार्कनं नऊ वर्षांच्या अमांडाचा फोटो काढला. छोट्या प्लास्टिकच्या हौदात उभी, हातात सिगारेट, मागे तिची मावसबहीण की चुलतबहीण एमी, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. फोटो जगभर गेला. मोठेपणी अमांडानं सांगितलं की तेव्हा तिला वाटलं होतं, लोक मला बघतील, आपलं काहीतरी बदलेल. कुणी आलं नाही. टायनीच्या बाबतीत मार्क आणि बेल यांनी निदान विचारलं होतं, आमच्याकडे न्यूयॉर्कला राहायला ये, फक्त शाळेत जावं लागेल. तिनं नकार दिला. तिला घोडे, हिरे, यॉट हवी होती, शाळा नको होती. मार्क त्यानंतरही तीस वर्षं जात राहिली. मला ते पटतं. पण ‘मदत’ या शब्दात मी ते बसवत नाही.

यार्डात मी म्हणून एवढंच कबूल करते: छापून आणून देईन. आणि देते. मॅक्सी साइज, ग्लॉसी, कारण त्यांना मॅट आवडत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होऊ नका. माझ्याही मोबाइलमधले तीन वर्षांपूर्वीचे फोटो मला सापडत नाहीत. कागद दिला की तो देव्हाऱ्याशेजारी जातो, ट्रंकेत जातो, मुलीच्या सासरी जातो. आणि कागद द्यायला तुम्हाला आपोआप परत जावं लागतं, ती दुसरी फेरी फुकट मिळते. कंगवावाल्या मामांचा फोटो टोळीनं पाण्याच्या टाकीवर चिकटवलाय, खाली कुणीतरी पेनानं ‘पाटील’ लिहिलंय.

एक पाकीट मात्र अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. गोणी झटकणाऱ्या पोराचं. मी छापून नेईपर्यंत तो यार्ड सोडून गावी गेला, जत तालुक्यात, एवढंच टोळीतल्यांना ठाऊक. पाकिटावर नाव, जागा, साल लिहून ठेवलंय. येत्या वैशाखात जतला एका लग्नाची ऑर्डर आहे, दोन दिवसांची. लेन्सच्या बॅगेत पाकीट आत्ताच टाकून ठेवलंय.